कलमांच्या वाफ्यात गवत: आमची वाटचाल

आमचा मूळ धंदा संत्र्याच्या कलमांचा. वरूड-शेंदूरजनाघाट पट्ट्यात यात नवल काहीच नाही. जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधायचा, पावसाळा लागला की कलमं उचलायची, गाडी भरून द्यायची. बाबांनी याच धंद्यावर घर बांधलं आणि दोन बहिणींची लग्नं केली. पण बोअरचं पाणी दरवर्षी खाली जात राहिलं. पाण्याच्या अतिउपशात आमच्या तालुक्याचं नाव सरकारी कागदांवर आहेच, ते आम्हाला वाचायची गरज नव्हती. खुंटाची रोपं मे महिन्यात जगवायची म्हणजे टँकर मागवायचा. एवढं करून गिऱ्हाइकाच्या बगिच्यात डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) लागला की बोल कलमवाल्यालाच. बाबा दरवर्षी थोडी थोडी कलमं कमी करत गेले आणि रिकाम्या वाफ्यांचं काय करायचं, हा प्रश्न माझ्याकडे आला.

उत्तर आमच्या नाल्याच्या काठावर उभं होतं. माती वाहून जाऊ नये म्हणून आजोबांनी तिथे वाळा लावला होता. मे महिन्यात अख्खं शिवार भुरकं पडायचं, धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, हरळीसुद्धा वाळायची, पण वाळ्याचे ते कमरेपेक्षा उंच ठोंब हिरवे असायचे. त्यांना पाणी कोणी देत नव्हतं आणि ढोरंही जून वाळ्याला फारसं तोंड लावत नव्हती. नागपूरच्या एका बागकाम करणाऱ्या ठेकेदाराने संत्र्याची कलमं न्यायला आल्यावर ते पाहिलं आणि एका फार्महाउसच्या कुंपणालगत लावायला ठोंब मागितले. ती आमची गवताची पहिली विक्री.

बाबांचं म्हणणं होतं, "अबे, जे आपन जल्मभर निंदून फेकलं, ते तू पिशवीत भरून इकतं काय?" त्यांचं चुकीचं नव्हतं. काळ्या रानात कुंदा, कांस आणि हरळी हे कास्तकाराचे सातजन्माचे वैरी. कुंद्याचं एक कांडं जमिनीत राहिलं की डवरणी फुकट जाते. कांसाने धरलेलं वावर मोकळं करायला माणसांच्या पिढ्या खपल्या. गावात गवत लावणारा माणूस म्हणजे डोक्यावर परिणाम झालेला, असंच अजूनही काहींना वाटतं. म्हणून सुरुवातीलाच एक नियम ठरवला: जे गवत मुळांनी किंवा बियांनी पळतं ते विकायचं नाही. ठोंब बांधून जागच्या जागी वाढणारं तेवढंच विकायचं.

वाळा या नियमात नेमका बसतो. आम्ही वाढवतो त्या वाळ्याला फुलोरा येतो, पण त्याचं बी उगवत नाही. तो आडवाही धावत नाही. मुळं सरळ खाली दोन-तीन मीटर जातात, वरचा ठोंब पाच-सहा फूट होतो. १९८० च्या दशकात जागतिक बँकेने भारतात माती अडवण्यासाठी वाळ्याच्या ओळींचा मोठा प्रचार केला. कर्नाटकातले शेतकरी तर बांधावर वाळा त्याच्याही आधीपासून लावत होते. आमच्याकडे आज निम्मा वाळा धुऱ्याला आणि नाल्याच्या काठाला जातो, निम्मा बागांना. कूलरच्या ताट्यांसाठी मुळं मिळतील का, असे फोन मार्चपासून सुरू होतात. मुळांचा धंदा आम्ही करत नाही. आमच्या चिकण काळ्या मातीतून वाळ्याची मुळं अख्खी निघत नाहीत, ते काम रेताड जमिनीचं आहे.

रोपं तयार करण्याचं काम मृगाचा पाऊस जमिनीत मुरला की चालू होतं. आधी विळ्याने पानं वीतभर ठेवून कापायची. पानांच्या कडा करवतीसारख्या असतात, म्हणून कामावरच्या बाया जुन्या सदऱ्याच्या बाह्या हातावर चढवतात. मग चारी बाजूंनी सब्बल मारून ठोंब उचलायचा, माती झाडायची आणि कुऱ्हाडीने त्याचे चार तुकडे करायचे. तीन-चार वर्षांच्या ठोंबाचा मधला भाग वाळून पोकळ झालेला असतो. तो थेट उकिरड्यावर. कडेचे जिवंत फुटवे दोन-दोन, तीन-तीन असे वेगळे करायचे, मुळं बोटभर छाटायची, ओल्या बारदानात गुंडाळायची आणि त्याच दिवशी पिशवीत लावायची. दुपारी उघड्यावर राहिलेला फुटवा संध्याकाळी हिरवा दिसतो आणि आठवड्याने मरतो. हे डोळ्यांनी ओळखणारी आमच्याकडे एकच आहे, सुमनमावशी. ती फुटव्याचा बुडखा चिमटीत दाबते आणि बाजूला टाकते. तिने टाकलेला जगवून दाखवायच्या फंदात आता मीही पडत नाही.

वाळ्यानंतर गवती चहा आला, तो तर प्रत्येकालाच हवा असतो. मग जांभळ्या पानांचं फाउंटन ग्रास. ते तीन-चार फूट होतं, पावसाळ्यापासून हिवाळाभर त्याच्यावर झुबकेदार तुरे डुलतात आणि नागपूरच्या बंगल्यांमध्ये आमचं सर्वांत जास्त खपणारं हेच. याचं बी सहसा धरतच नाही, त्यामुळे ठोंब फोडूनच वाढवावं लागतं. याचाच हिरवा भाऊ मात्र बियांनी वाऱ्यावर पसरतो. युरोपीय संघाने त्याला २०१७ मध्ये उपद्रवी परक्या जातींच्या यादीत घातलं. तो स्वस्त पडतो, बियांपासून ढिगाने होतो, आणि ठेकेदार तोच मागतात. आम्ही ठेवत नाही. ज्याने वावरातून गाजरगवत उपटलंय त्याला याचं कारण समजावून सांगावं लागत नाही.

आणि पंपास. लग्नाच्या स्टेजवर ते पांढरे-बदामी तुरे दिसायला लागल्यापासून दर आठवड्याला कोणीतरी मोबाइलवर फोटो दाखवतं. ते दक्षिण अमेरिकेच्या गवताळ मैदानांतलं. आमच्या ४६-४७ अंशांच्या उन्हाळ्यात त्याचा डौल राहत नाही आणि कॅलिफोर्निया-न्यूझीलंडमध्ये ते डोकेदुखी होऊन बसलंय. पांढरेच तुरे हवे असतील तर भाद्रपद-आश्विनात कुठल्याही नदीकाठी जाऊन कांस बघा, चार तुरे तोडून आणा, फुलदाणीत ठेवा. बागेत मात्र लावू नका.

गिऱ्हाइकाला रोपापेक्षा सल्ल्याची गरज जास्त असते, हे मला संत्र्यानेच शिकवलं होतं. भारी काळ्या जमिनीत फाउंटन ग्रास सपाटीवर लावलं की श्रावणात बुडाशी पाणी साचतं आणि ते सडतं. म्हणून मुरूम आणि शेणखत मिसळून वीतभर उंच वाफा करायचा, दोन ठोंबांत तीन फूट सोडायचे. उन्हाळ्यात याच जमिनीला भेगा पडतात आणि त्या भेगांमध्ये मुळं तुटतात, तेव्हा बुडाशी सोयाबीनचं कुटार पसरायचं. वाळ्याला यातलं काही लागत नाही, तो पाण्यातही उभा राहतो आणि भेगांतही. सर्वांत कठीण काम म्हणजे लोकांना युरिया टाकण्यापासून थांबवणं. आपल्याकडे पीक पिवळं दिसलं की हात आपोआप युरियाच्या पोत्याकडे जातो. उंच गवताला तो दिला की पानं माजतात आणि पहिल्या वादळी पावसात सगळा ठोंब लोळतो. झाडाच्या सावलीत लावलं तरी तेच.

"भाऊ, पण साप?" हा प्रश्न प्रत्येक बाई विचारते आणि विचारायलाच हवा. साप गवतासाठी येत नाही, उंदरांमागे आणि आडोशाला येतो. दारापासून आणि मुलांच्या खेळायच्या जागेपासून दहा-बारा फूट लांब लावा, बुडाची वाळकी पानं काढत राहा, विटा-लाकडांचा ढीग जवळ नको. एवढं ज्याला जमणार नाही त्याला मी सरळ कण्हेर घेऊन जायला सांगतो.

दुसरी भीती मात्र कोणी विचारत नाही, ती आगीची. फेब्रुवारी-मार्चमध्ये वाळलेलं उंच गवत म्हणजे बिडीच्या एका थोटकाचं काम. ताडोबा आणि पेंचच्या आजूबाजूच्या रिसॉर्टांना आम्ही रोपं देतो तेव्हा होळीच्या आधी गवत बुडापासून वीतभर ठेवून कापायची अट घालतो आणि माणसंही आमचीच पाठवतो. कापणीचं हे काम पुढे इतकं वाढलं की उन्हाळ्यात नर्सरीचा पगार त्यातूनच निघतो. संत्र्याच्या काळात उन्हाळा म्हणजे नुसता खर्च होता.

पैशांचं म्हणाल तर एका मोठ्या ठेकेदाराने रस्त्याच्या दुभाजकासाठी गाड्या भरून माल उचलला आणि बिलासाठी आम्हाला दोन दिवाळ्या चकरा मारायला लावल्या. काही रक्कम अजून यायची आहे. तेव्हापासून निम्मे पैसे आधी आल्याशिवाय छोटा हत्ती फाटकाबाहेर जात नाही, मग ऑर्डर कोणाचीही असो. हिशेब माझी बायको बघते. उधारीची विनंती करायची असेल तर तिच्याकडे करावी, म्हणजे नकार लवकर मिळतो.

आता डोक्यात तिखाडी आहे. रोशा गवत म्हणतात तेच, ज्याचं सुगंधी तेल निघतं. ही आपल्या डोंगरांवरची जात. मेळघाटाच्या उतारांवर हिवाळ्यात ती लालसर होते आणि नुसती चुरगळली तरी हाताला वास राहतो. बाहेरून आणलेल्या कुठल्याही शोभेच्या गवताने तिच्यापुढे उभं राहू नये. तिच्या जोडीला डोंगरी आणि शेडा. अकोला-वाशीमच्या माळांवर, तणमोर पक्ष्याच्या मुलखात, ही गवतं अजून आहेत. कुठलं कधी फुलतं हे मेंढपाळ आणि पारधी माणसं पुस्तक न उघडता सांगतात. आम्ही त्यांच्याकडून बी घेतो आणि त्याचे पैसे देतो. अडचण अशी की जंगली गवताचं बी लगेच उगवत नाही, त्याला काही महिने विसावा लागतो, आणि उगवलं तरी पहिल्या वर्षी गिऱ्हाइकाला दाखवण्यासारखं काही दिसत नाही. रिसॉर्टवाल्यांना धीर असतो, बंगलेवाल्यांना नसतो. त्यामुळे सध्या ही रोपं थोडीच आहेत आणि जंगलालगतच्या जागांनाच देतो.

बाबा आता कलमं बांधत नाहीत. सकाळी वाळ्याच्या ओळींत जाऊन बसतात, ठोंबांच्या मधे उगवलेला कुंदा खुरप्याने उकरतात, आणि आलेल्या गिऱ्हाइकाला संत्र्याचाच भाव विचारतात. रोपं जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत मिळतात. मे महिन्यात कोणी कितीही पैसे दिले तरी आम्ही ठोंब उकरत नाही.