हाडं नंतर पाठ करा, आधी दिशा शिका

मेडिकल कोडिंगच्या (म्हणजे पेशंटचा आजार आणि उपचार बिलासाठी आकड्या-अक्षरांच्या कोडमध्ये लिहिण्याच्या) क्लासला नवीन पोरी आल्या की त्यांच्या हातात पहिली काय येते तर हाडांची यादी, २०६ नावं, आणि बिचाऱ्या घोकत बसतात. मला हे अजिबात पटत नाही. एका हातात मनगट धरून २७ हाडं, एका पावलात घोट्यासकट २६, दोन्हीकडची मिळून झाली १०६, म्हणजे अर्ध्याच्या वर यादी हातापायांच्या टोकातच संपते आणि पोरगी तिथेच दमते. पोटात काय कुठे आहे ते राहूनच जातं.

माझं म्हणणं, आधी दिशा शिका. माणूस उभा, तोंड समोर, हात बाजूला सोडलेले, तळवे पुढे. याला अ‍ॅनाटॉमिकल पोझिशन म्हणतात आणि पेशंट पालथा झोपलेला असो नाहीतर खुर्चीत, वर-खाली, आत-बाहेर सगळं याच्यावरूनच सांगायचं. तळवे पुढेच का? आत्ता करून बघा. उजवा हात टेबलावर ठेवा, तळवा वर, आणि डाव्या हाताची बोटं कोपराखाली ठेवून तळवा हळूहळू पालथा करा. करंगळीच्या बाजूचं हाड, अल्ना, जवळपास जागचं हलत नाही, अंगठ्याकडचं रेडियस मात्र त्याच्यावरून आडवं जातं. तळवा वर असताना दोन्ही समांतर, म्हणून तीच पोझिशन धरलीय.

आणि उजवं-डावं नेहमी पेशंटचं, बघणाऱ्याचं नाही! सीटी स्कॅनची फिल्म समोर धरली की पेशंटची उजवी बाजू तुमच्या डाव्या हाताला येते. कोडमध्ये तर बहुतेक ठिकाणी उजव्याला १ आणि डाव्याला २ असा वेगळा आकडाच असतो, तिथे चुकलं की उजव्या गुडघ्याचं बिल डाव्याच्या नावावर.

दिशा कळल्या की मग शेजार बघायचा, आणि खरी मजा इथे आहे. आमच्या बडोद्यात मांडवीकडच्या पोळांतली, म्हणजे जुन्या दाट गल्ल्यांतली घरं असतात ना, भिंतीला भिंत, एकाने खोली वाढवली की दुसऱ्याचा जिना तिरका, तसंच आत आहे सगळं. उजवीकडे वर लिव्हर ऐसपैस बसलंय म्हणून उजवी किडनी डावीपेक्षा जरा खाली. हृदय डावीकडे झुकलेलं म्हणून डाव्या फुफ्फुसाला दोनच भाग, उजव्याला तीन. श्वासनलिकेचा उजवा फाटा जास्त रुंद आणि जास्त सरळ, म्हणून लहान मुलाच्या श्वासात शेंगदाणा गेला की तो बहुतेक उजवीकडे सापडतो. हे घोकावं लागत नाही, एकदा कारण कळलं की विसरूच शकत नाही.

आमच्या मामींचंच घ्या (दांडिया बाजारात राहतात). उजवा खांदा दुखतो म्हणून तेल लावणं, शेक घेणं, मालिशवाली बाई, सगळं चाललेलं, आणि दुखायचं कधी तर लग्नातलं तेलकट जेवण झालं की. शेवटी सोनोग्राफी केली तर रिपोर्टात कोलेलिथियासिस. कोले म्हणजे पित्त, लिथ म्हणजे खडा, पित्ताशयात खडे. मामी मलाच ओरडल्या, "अगं, खडे पोटात आणि दुखतो खांदा, मशीन तरी बरं आहे का त्यांचं?" मशीन बरं होतं. पित्ताशय लिव्हरच्या खाली आणि लिव्हरवर डायफ्रॅम, म्हणजे श्वासाचा पडदा. या पडद्याची नस, फ्रेनिक, मानेतून येते, ३, ४, ५ नंबरच्या मुळांतून, आणि खांद्याच्या कातडीच्या नसाही तिथल्याच. पित्ताशयाच्या त्रासाने पडदा चिडला की मेंदूला वाटतं खांदाच दुखतोय. पोटातल्या पडद्याला मानेतली नस कशाला, तर गर्भात तो मानेजवळ बनायला लागतो आणि नंतर खाली सरकताना आपली नस ओढत घेऊन येतो.

नावांचं म्हणाल तर शेपट्या पाठ करा, बाकी आपोआप येतं. आयटिस म्हणजे सूज, एक्टमी म्हणजे कापून काढणं, ऑटमी म्हणजे नुसता छेद, ऑस्टमी म्हणजे नवीन तोंड करून देणं. मामींचं झालं ते कोलेसिस्टेक्टमी, म्हणजे पित्ताशयाची पिशवीच काढली. जपायचं कुठे, तर जुळ्या भावंडांत. इलियम नावाची दोन आहेत, एक कमरेचं हाड आणि एक लहान आतड्याचा शेवटचा भाग, ऐकायला सेम टू सेम, स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. पेरोनियल पायाच्या बाहेरच्या बाजूचं आणि पेरिनियल कुठलं ते तुम्हीच डायग्रॅममध्ये बघा, मी इथे लिहीत नाही.

ज्यांना डायग्रॅमचाच कंटाळा येतो त्यांनी कामाटीबागेतल्या म्युझियममध्ये देवमाशाचा सांगाडा बघून या. पोरं नुसती लांबी बघून फोटो काढतात, तुम्ही पुढच्या पंखाकडे बघा: दंडाचं ह्युमरस, मग रेडियस आणि अल्ना, आपलीच नावं, आपल्याच क्रमाने. देवमाशाच्या मानेतही मणके सातच, आपल्यासारखे, जिराफालाही सातच.

मामी आता बऱ्या आहेत. पहिला प्रश्न अर्थात फाफड्याचा. पिशवी काढली म्हणजे पित्त संपलं असं त्यांच्या डोक्यात बसलेलं. पित्त बनवतं लिव्हर, दिवसाला अर्धा ते एक लिटर, पिशवीत जेमतेम ५० मिलीलिटर साठायचं आणि तेलकट खाल्लं की एकदम सुटायचं, आता ते थोडंथोडं सरळ आतड्यात उतरत राहतं. म्हणून सुरुवातीला तेलकट कमी, मग हळूहळू वाढवायचं. सध्या दोन फाफडे मंजूर झालेत, तळलेल्या मिरच्यांवरून अजून बोलणी चालू आहेत.