डेथ व्हॅलीत तीन रात्री

मोझॅक कॅन्यनच्या भिंतीवर हात ठेवला आणि लगेच मागे घेतला, इतका तो दगड गार होता. नोव्हेंबरमधली सकाळ होती आणि घळीच्या तळाशी ऊन अजून उतरले नव्हते. कॅलिफोर्नियातील याच खोऱ्यात, फर्नेस क्रीक येथे, 10 जुलै 1913 रोजी 56.7 अंश सेल्सियस तापमानाची नोंद झाली होती. त्यामुळेच मी आणि माझा मावसभाऊ अशा आम्ही दोघांनी उन्हाळा सोडून हिवाळ्याच्या तोंडावरचे दिवस निवडले होते.

घळ सुरुवातीला इतकी अरुंद आहे की, दोन्ही हात पसरले तर काही ठिकाणी बोटे दोन्ही भिंतींना लागतात. भिंती संगमरवराच्या आहेत आणि घासून घासून त्यांना अशी झिलई आली आहे की, जुन्या वाड्यातल्या उंबरठ्याची आठवण व्हावी. ही झिलई पाण्याची आहे. पश्चिमेकडच्या पर्वतरांगा समुद्रावरून येणारे बाष्प आधीच अडवून धरतात, त्यामुळे खोऱ्यात वर्षाकाठी जेमतेम 5 सेंटीमीटर पाऊस पडतो. पण पडतो तेव्हा उघड्या कातळात तो मुरत नाही आणि डोंगरभरचे पाणी गोटे व वाळू घेऊन या चिंचोळ्या वाटेने एकदम खाली येते. भिंतीत एके ठिकाणी कोनदार दगडांचे तुकडे निसर्गानेच एकमेकांत सांधले गेले आहेत. घळीला मोझॅक हे नाव त्यांच्यावरूनच पडले. पाण्याने घासलेल्या त्या भिंती पाहिल्यावर, कोरड्या ओढ्याच्या पात्रात तंबू ठोकू नये हा नियम मला कोणी पुन्हा समजावून सांगण्याची गरज उरली नाही. पहिली रात्र स्टोव्हपाइप वेल्सच्या तळावर काढली. ती प्रवासाच्या थकव्यात झोपेतच गेली.

दुसऱ्या दिवशी कीन वंडर या सोन्याच्या खाणीवर गेलो. 1904 साली येथे सोने सापडले आणि डोंगरमाथ्यावरचा धातुदगड खालच्या गिरणीपर्यंत आणण्यासाठी सुमारे दीड किलोमीटर लांबीचा रोपवे उभारला गेला. भरलेली पोहरे स्वतःच्या वजनाने खाली येताना रिकामी पोहरे वर ओढत, अशी त्याची रचना होती. त्याचे लाकडी मनोरे अजून उभे आहेत. जमिनीला आणि बांधकामांना धोका असल्यामुळे 2008 मध्ये हा परिसर बंद करण्यात आला होता आणि दुरुस्तीनंतर 2017 मध्ये तो पुन्हा खुला झाला. वरच्या टोकापर्यंत चढ अतिशय उभा आहे. मध्ये एका मनोऱ्याखाली बसून मी त्याच्या खांबाला हात लावून पाहिला: लाकूड करडे झाले होते, त्याला उभ्या चिरा गेल्या होत्या, पण कुजल्याची खूण कोठेही नव्हती. ओल नाही, म्हणून कुजणेही नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या सुताराने जेथे तासणी मारली, त्या खाचा आजही बोटांना लागत होत्या.

वाटेच्या कडेला गंजलेले पत्र्याचे डबे पडले होते. त्यातला एक मी वाकून नीट पाहिला. त्याच्या सांध्यावर डाखाचा जाड ओघळ होता आणि झाकण सुरीने वेडेवाकडे कापलेले होते. कोणा कामगाराचे एका वेळचे जेवण! मावसभावाने विचारले, “उचलून बघू का रे?” मी त्याला थांबवले. अशा वस्तू तेथून हलवणे कायद्याने गुन्हा आहे, आणि तसे नसते तरी तो डबा आहे तेथेच शोभत होता. बोगद्यांच्या तोंडांशी लोखंडी जाळ्या आहेत. आतली लाकडे आणि कोंडलेली हवा माणसासाठी घातक असते. वटवाघळे मात्र त्या जाळ्यांतून ये-जा करतात. कुतूहलापोटी खाणीत शिरणाऱ्यांचे मला कधीच कौतुक वाटले नाही. बाहेर पाहण्यासारखे इतके असताना आत जाण्याचे कारण नाही.

तेथून उत्तरेकडे युरेका व्हॅली. रस्ता बहुतेक कच्चा, पत्र्याच्या पन्हाळीसारखा आडव्या लहरींचा. टायरमधली हवा थोडी कमी केली, तरी लास्ट चान्स डोंगररांगेच्या चढावर एका टोकदार दगडाने मागचे चाक पंक्चर केलेच. मोबाइलला रेंज नव्हती. सुटे चाक आणि प्रत्येकी दिवसाला 4 लिटर पाणी सोबत होते, म्हणून जीव टांगणीला लागला नाही. चाक बदलेपर्यंत ऊन उतरले. पुढे गंधकाच्या जुन्या खाणी लागल्या. तेथील पिवळसर पांढरी माती सांजेच्या प्रकाशात हळदीसारखी दिसत होती.

युरेकाच्या वाळूच्या टेकड्या 200 मीटरहून अधिक उंच आहेत. पायथ्याच्या तळावर शौचालय आहे, पण पाणी नाही. आणि वाळूवर तंबू लावायला मनाई आहे, कारण जगात इतरत्र कोठेही न आढळणाऱ्या काही वनस्पती याच वाळूत तग धरून आहेत. त्यांतले एक गवत ताठ, टोकदार पानांचे. त्याच्या झुपक्याभोवती वाऱ्याने साठवलेली वाळू पाहून आम्ही दुरूनच वळसा घेतला.

तिसऱ्या दिवशी माथ्यावर पोहोचायला दोन तास लागले. दोन पावले वर टाकली की एक पाऊल खाली घसरायचे. तिसऱ्या प्रहरी वाळू पूर्ण कोरडी असताना उतारावर बसून टाचांनी ती खाली ढकलली. वाळूचा एक पदर सरकला आणि तंबोऱ्याच्या खर्जासारखा खोल, सलग नाद उठला. तो कानांआधी मांड्यांना जाणवला. कोरडे कण एकमेकांवर घासत एकाच लयीत घसरू लागले की असा आवाज येतो, हे मला वाचून माहीत होते. प्रत्यक्षात मात्र मी बोलायचे विसरलो. मावसभाऊ म्हणाला, “पुन्हा कर, पुन्हा.” संध्याकाळ होईपर्यंत आम्ही तेच करत बसलो.

रात्री वारा सुटला. सकाळी पाहतो तर उतारावर आमच्या पावलांची एकही खूण नव्हती. तेथे फक्त एका भुंगेऱ्याची बारीक टाक्यांसारखी रांग उमटली होती. तंबू आवरताना एक खुंटी कमी भरली. टेकडीच्या उतारावर वारा सगळे पुसून टाकतो, पण आमचा तळ खडीच्या टणक जमिनीवर होता आणि डाखाचा ओघळ असलेला तो डबा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. पाऊण तास शोधल्यावर ती खुंटी एका झुडपाच्या बुंध्याशी सापडली. ती झटकून पिशवीत टाकली आणि मगच गाडी सुरू केली.