व्हिसलजॅकेटसमोर एक दुपार

लंडनमधली एकच दुपार माझी स्वतःची होती. ट्रफाल्गर चौकातल्या नॅशनल गॅलरीत गेले, बाकी सगळं बाजूला ठेवून थेट अठराव्या शतकातला इंग्रज चित्रकार जॉर्ज स्टब्स याच्या 'व्हिसलजॅकेट' या घोड्याच्या चित्रापुढे उभी राहिले.

जवळजवळ तीन मीटर उंच कॅनव्हास आणि त्यावर फक्त घोडा. तांबूस सोनेरी अंग, पिकल्या गव्हासारखी आयाळ, मागच्या पायांवर उठलेला. ना झाड, ना आकाश, ना लगाम, ना स्वार. 1762च्या सुमारास मार्क्विस ऑफ रॉकिंगहॅम या उमरावाने आपल्या या शर्यतीच्या घोड्याचं चित्र करून घेतलं. 1997 साली गॅलरीने ते 1 कोटी 10 लाख पौंडांना विकत घेतलं. मला विचाराल तर स्वस्तात मिळालं.

आधी डोळा बघितला, मग पोटावरच्या शिरा. त्या शिरांपाशी मात्र मी अडकले. एवढ्या नेमक्या त्या नुसतं बघून येत नाहीत.

स्टब्स लिव्हरपूलचा, कातडी कमावणाऱ्याचा मुलगा, जन्म 1724चा. तिशीत असताना तो लिंकनशायरमधल्या हॉर्क्स्टो गावी जाऊन राहिला आणि तिथे सुमारे दीड वर्ष मेलेले घोडे उकलत बसला. सोबतीला त्याची जोडीदार मेरी स्पेन्सर. रक्त काढून टाकायचं, शिरांमध्ये चरबी भरायची, म्हणजे त्यांचा आकार टिकतो. मग छताजवळच्या लोखंडी दांड्याला आकड्यांनी लटकवून, पायांखाली फळी देऊन, जिवंत घोड्याच्या ढबीत उभं करायचं. कातडी, स्नायू, हाडं, असा एकेक थर उतरवत चित्रं काढायची. एकेक घोडा आठवडेच्या आठवडे चाले. त्या खोलीतला वास मनात आला आणि माझ्याच्याने पुढे विचार करवेना.

ती चित्रं छापण्यासाठी कोरून द्यायला कारागीर मिळेनात, तेव्हा त्याने तांब्याचे पत्रे स्वतःच कोरले. घोड्याच्या शरीररचनेचं हे पुस्तक निघालं 1766 साली, पण घोडे उकलण्याचं काम व्हिसलजॅकेटच्या आधीच झालेलं. म्हणजे व्हिसलजॅकेट रंगवताना घोड्याचा स्नायू न् स्नायू त्याच्या बोटांना पाठ होता. मागे डोंगर-झाडं नसल्याचं मला तरी काहीच उणं वाटलं नाही. घोड्याचं अंगच केवढा मोठा मुलूख आहे!

गॅलरी बंद व्हायची वेळ झाली तेव्हा मी त्याच्या मागच्या खुरांपाशी पडलेली इवलीशी सावली बघत होते. एवढ्या मोठ्या चित्रात जमीन काय ती तेवढीच.