पुढच्याची टोपी

आठ दिवसांच्या सुट्टीवर मालवणात घरी आलोय. मुंबईत दिवसभर स्टेडियमचीच ड्रॉइंग्ज काढतो, हे वाडीत सगळ्यांना माहीत. म्हणून पोरांनी मैदानावरच्या नव्या पायऱ्या बघायला बोलावलं. वर्गणी काढून बांधलेल्या, जांभ्या चिऱ्याच्या, सहा रांगा. काम झकास, फक्त प्रत्येक पायरीची चढण सारखीच.

चौथीवर बसलो. शेजारी आबा. टेनिस बॉलची मॅच सुरू झाली आणि आबा करवादले, "माका नुसती पुढच्याची टोपी दिसता. बॉल खंय आसा?"

आमच्या धंद्यात याला सी-व्हॅल्यू म्हणतात. मागच्याची नजर सीमारेषेकडे जाताना पुढच्याच्या डोळ्यांच्या किती मिलिमीटर वरून जाते, तो आकडा. १२० उत्तम, ९० चांगला, ६० म्हणजे मान तिरकी करा. मागे जाल तसा तो घटतो, म्हणून प्रत्येक पायरीची चढण आधीच्यापेक्षा किंचित जास्त लागते. मोठ्या स्टेडियमचे वरचे मजले अंगावर येण्याइतके उभे असतात ते यासाठीच. नेरूळच्या डी. वाय. पाटीलचं छत बघा, प्रेक्षकांच्या नजरेच्या आड येणारा एक खांब नाही!

आणि आमच्या या पायऱ्यांचं तोंड पश्चिमेला. चारनंतर समुद्रावरचं ऊन थेट डोळ्यांत. (हे मी बोललो नाही. पोरांचे चेहरे आधीच पडले होते.)

चौथ्या रांगेवर आणखी एक, पाचवीवर दोन आणि सहावीवर तीन थर चढवायचं ठरलं. संध्याकाळी पोरं उरलेले चिरे मोजत होती. आबा तोवर कुंपणाजवळच्या माडाला टेकून, उभ्यानेच मॅच बघत होते.