काच, गळती आणि लॅट्रोब

आज साइटवर क्लायंटचं पुन्हा तेच. "आतल्या चौकाच्या छताला काचच हवी." गळेल गळेल सांगून घसा बसला माझा.

घरी येऊन चहा घेत दोनशे वर्षांपूर्वीचा अमेरिकेतला आर्किटेक्ट बेंजामिन लॅट्रोब, त्याची पत्रं वाचायला घेतली, तर तिथेही हाच वाद! वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसद भवनात, प्रतिनिधिगृहाच्या छताला जेफरसनला काचेचे झरोके हवे होते, पॅरिसच्या धान्यबाजारावर पाहिले होते तसे. लॅट्रोबचा ठाम नकार: गळतील, शिवाय ऊन डोळ्यांवर येईल. पण क्लायंट साक्षात राष्ट्राध्यक्ष. झरोके झाले. आणि गळले.

हे आज वाचता येतं, कारण हा बाबा पॉलिग्राफवर लिहायचा. हातातल्या लेखणीला जोडलेली दुसरी लेखणी शेजारच्या कागदावर तेच उमटवत जायची. पत्र गेलं तरी प्रत घरात. (माझी निम्मी बोलणी फोनवर!)

कॅपिटॉलमधल्याच काही खांबांच्या माथ्यावर त्याने मक्याची कणसं कोरून घेतली. १८०९ मध्ये जेफरसनला कळवलंय, मोठ्या कामांपेक्षा खासदारांनी कौतुक केलं ते याचंच. १८१७ मध्ये दिवाळं. त्याच वर्षी न्यू ऑर्लिन्सला मुलगा पीतज्वराने गेला. तिथलंच पाणीपुरवठ्याचं काम करताना १८२० मध्ये हाही त्याच तापाने गेला.

उद्या क्लायंटला गळतीचं लेखी देणार. प्रत ठेवून.