मसाई मारा (केनिया), दिवस चौथा : चित्त्याची धाव, एकोणीस सेकंद

गेल्या वर्षापासून मी एकाच शॉटच्या मागे आहे. चित्त्याची धाव, दबा सोडल्यापासून थांबेपर्यंत, मध्ये कट नाही, आवाजासकट. मागच्या फेब्रुवारीत इथेच तीन धावा समोर घडल्या आणि तिन्ही वेळा लेन्स ६०० मिमीला ताणलेली होती (आकडा जितका मोठा, तितकी फ्रेम अरुंद). दुसऱ्याच सेकंदाला चित्ता फ्रेमबाहेर. त्यानंतर वर्षभर सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकाऱ्यांवर सराव केला. माराच्या कुरणात चित्त्याचं मुख्य भक्ष्य म्हणजे थॉमसन गॅझेल, ज्याला इथले गाईड नुसतं 'टॉमी' म्हणतात, तो चिंकाऱ्याचा चुलतभाऊच. उड्या, वळणं, अचानक थबकणं, सगळं ओळखीचं वाटतं.

सामानात यंदा एकच बदल. लेन्स टेकवायची बीन बॅग पुण्याहून रिकामी आणली आणि नैरोबीत तांदूळ घेऊन भरली. मागच्या वेळी राजमा होता, लेन्स जरा फिरवली की करकर माईकमध्ये यायची.

सकाळी सहाला फाटक उघडलं तेव्हा बोटं गारठलेली होती. विषुववृत्त जवळ असलं तरी हे पठार दीड हजार मीटरच्या वर आहे, स्वेटर लागतोच. तळेक नदी डाव्या हाताला ठेवून निघालो. वाटेतल्या मऊ मातीत आमच्या मासाई चालकदादांनी गाडी थांबवली आणि खाली बोट दाखवलं. ठसा ताजा होता. तळव्याच्या मागच्या कडेला तीन फुगवटे, म्हणजे मार्जारकुळातला, आणि तरीही बोटांपुढे नखांचे टोचे. वाघ, सिंह, बिबट्या चालताना नखं आत घेतात. चित्त्याची पुरती आत जात नाहीत. ताडोबात इतकी वर्षं ठसे बघून हा फरक पुस्तकातून पाठ होता, पण ओल्या मातीत ते चार बारीक टोचे बघताना अंगावर काटा आला.

ताडोबात आपण कानांवर चालतो. चितळाचा कॉल (धोक्याचा इशारा), वानराचा कॉल, मग गाडी तिकडे. इथे उघडं कुरण असल्यामुळे कॉलच्या आधी नजरा वाचायच्या असतात. चालकदादा चित्ता शोधत नव्हते, हरणं बघत होते. वाळवीच्या वारुळावर उभा असलेला एक टोपी (हे इथल्या मोठ्या तांबूस कुरंगाचं नाव) पूर्वेकडे एकटक बघत होता. शेपूट हलत नव्हती, रवंथ बंद. त्याच्या नजरेची रेघ धरून गेलो आणि सात वाजून वीस मिनिटांनी दुसऱ्या वारुळावर मादी दिसली. खाली गवतात तीन पिल्लं. पाठीवरची करडी आयाळ अजून गळलेली नव्हती, म्हणजे वय काही महिन्यांचंच.

इंजिन बंद केलं. गाडीत आम्ही तिघं, आणि आधीच ठरलं होतं की तिने डोकं खाली घातलं की कुणी जागेवरून हलायचं नाही. एक जण नुसता वळला तरी गाडी डोलते आणि ते दूरच्या लेन्समध्ये भूकंपासारखं दिसतं.

तिने चाळीस मिनिटं घेतली. टॉमींचा कळप अंदाजे दोनशे मीटरवर चरत होता. एखाद्याचं डोकं वर आलं की हिचा उचललेला पंजा तसाच हवेत राही, खांद्याची हाडं पाठीच्या वर आलेली, कान मागे. डोकं खाली गेलं की पंजा टेके. पिल्लं मागे बसून होती, एकही हललं नाही. मी लेन्स जाणूनबुजून २०० मिमीवर ठेवली होती, फ्रेममध्ये डावीकडे टॉमी, उजवीकडे ती. स्लो-मोशन लावला नाही, कारण माझ्या कॅमेऱ्यात त्यात आवाज नोंदला जात नाही. सेकंदाला ५० फ्रेम, शटर १/१००.

मग ती सुटली. पहिल्या काही ढांगांत अंग गवतालगत, नंतर पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकून सुटताना दिसू लागला. टॉमीने उजवीकडे झुकांडी दिली, तिची शेपटी उलट्या बाजूला फेकली गेली आणि ती त्याच्या मागे वळली. सहाव्या सेकंदाला फोकसने गवत पकडलं, दोन सेकंद गेली, पुन्हा तिच्यावर आला. सतराव्या सेकंदाला दोघं ओघळीत उतरली. आधीचा मी इथे झूम करून शोधत बसलो असतो. यंदा हात तसाच ठेवला. एकोणिसाव्या सेकंदाला पलीकडून टॉमी एकटाच वर आला. शिकार हुकली.

थोड्या वेळाने ती ओघळीच्या काठावर येऊन बसली. चित्त्याची धाव क्वचितच तीनशे मीटरच्या पुढे जाते, पण तेवढ्यानेही बरगड्या भात्यासारख्या चालू होत्या. तिने चिवचिवाट केला. चित्ता डरकाळी फोडू शकत नाही, पिल्लांना पाखरासारखी हाक मारतो. तिन्ही पिल्लं गवतातून धावत आली. वाऱ्याची झुळूक सोडली तर हा आवाज स्वच्छ मिळालाय.

तोवर इतर गाड्या येऊ लागल्या. एका प्राण्याभोवती पाचच गाड्यांचा नियम आहे. सहावी येताना दिसली तसं आम्ही निघालो. आणखी तास मिळाला असता, दुसरी धावही कदाचित. पण माराच्याच चित्त्यांवर २०१८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मी विसरू शकत नाही : कमी पर्यटक असलेल्या भागात एका वेतातली सरासरी २.३ पिल्लं मोठी होत होती, गर्दीच्या भागात जेमतेम ०.२. चित्रीकरणाचा छंद असणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे आकडे गाडीत बसण्याआधी आठवायला हवेत.

दुपारी उन्हाच्या लाटांमुळे काही हाती लागलं नाही. हिंगणबेटाच्या झाडाखाली डबा खाल्ला (हो, आपल्याकडचंच हिंगणबेट, इथल्या कुरणात एकेकटं उभं असतं). संध्याकाळी तळेककाठी अकरा सिंह झोपलेले होते. उंबरासारख्या झाडावरची माकडं भुंकत होती, तिथे बिबट्याची फक्त लोंबती शेपटी दिसली.

रात्री तंबूत हेडफोन लावून क्लिप पाहिली. ती सुटण्याच्या चार सेकंद आधी एक फुसकारा ऐकू येतो. टॉमीचा धोक्याचा आवाज, जागेवर मला मुळीच जाणवला नव्हता. माझी समजूत होती की तिने वेळ साधून झेप घेतली. प्रत्यक्षात ती टॉमीला आधीच दिसली होती, म्हणून घाईने सुटली. पण फ्रेममधल्या एकाही टॉमीचं डोकं वर नाही. सकाळी चालकदादांना ऐकवलं. त्यांनी हेडफोन कानाला दाबून दोनदा ऐकलं आणि हात पडद्याच्या डावीकडे, कडेच्या बाहेर नेला. पाहणारा टॉमी तिथे होता.

आज फोकसची पकड थोडी चिवट ठेवतोय. आणि २०० मिमीची लेन्स उतरवून १०० ची लावतोय.