कुरळ्या कुत्र्याचे केस घरी कापताय? क्लिपर नंतर, कंगवा आधी

घरात पूडल आहे म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात, केस गळतात का आणि क्लिपर, म्हणजे केस कापायचं मशीन, कुठला घेतलाय. तर केस गळतात, फक्त सोफ्यावर पडत नाहीत. गळलेला केस शेजारच्या कुरळ्या केसांत अडकून बसतो, त्यात धूळ-लाळ-पाणी मिसळलं की झाली जट तयार. आणि हे केस आपल्यासारखे वाढतच राहतात, त्यामुळे कापण्याला पर्याय नाही. क्लिपरबद्दलचं माझं उत्तर मात्र लोकांना आवडत नाही, कारण मी म्हणते आधी एक चांगला स्टीलचा कंगवा घ्या, अर्ध्या बाजूला विरळ दात आणि अर्ध्या बाजूला बारीक असतात तो.

कारण असं की ब्रश खोटं बोलतो. आमच्या चकलीला (नाव आईने ठेवलंय, केस बघूनच) नुसता स्लिकर ब्रश (बारीक तारांचा) वरवर फिरवला की ती मस्त फुललेली दिसते, आई म्हणते "किती गं छान दिसतेय", आणि मग कानामागे कंगवा घातला की तो अर्ध्यात अडकतो. म्हणजे वर कापूस आणि खाली कातडीला चिकटून नमदा! म्हणून एका हाताने केस वर धरायचे, खाली एक ओळ कातडी दिसली पाहिजे, तेवढीच ओळ ब्रश करायची, मग पुढची ओळ सोडायची, आणि शेवटी कंगवा मुळापासून टोकापर्यंत न अडकता गेला तरच ती जागा झाली म्हणायची. कानामागे, काखेत, मांड्यांच्या आत आणि हार्नेसच्या पट्ट्याखाली, जटा इथेच होतात, पाठ काय कुणीही करेल. स्लिकर दाबून घासू नका, त्याच्या तारांनी कातडी लाल होते. आणि पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठे केस येतात ना, साधारण वर्षाचं होण्याच्या आगेमागे, तेव्हा कालपर्यंत नीट असलेलं कुत्रं अचानक गुंतायला लागतं, त्या काळात रोज बसावंच लागतं.

आंघोळ विंचरून झाल्यावरच. जट भिजून वाळली की अजून घट्ट आवळते, त्यामुळे "आधी धुऊ मग सोडवू" हे कुरळ्या केसांना चालत नाही. पावसाळ्यात तर फिरून आलं की पाय आणि पोट टॉवेलने दाबून टिपायचं, खसाखसा चोळायचं नाही, आणि ड्रायर लावून ब्रश करत करत मुळापर्यंत वाळवायचं. आपला केसांचा ड्रायर चालतो, पण कोमट हवेवर आणि लांबून. कुरळे केस असे ताणून वाळवले तरच क्लिपर सरळ चालतो, नाहीतर पायऱ्या पायऱ्या दिसतात.

आता क्लिपर. दाढीचा ट्रिमर पूडलच्या दाट केसांत दमतो आणि केस ओढतो, कुत्र्याला एकदा दुखलं की पुढच्या वेळी ते पलंगाखाली. ब्लेड काढता-घालता येणारा घ्या, ए-फाइव्ह पद्धतीचा, म्हणजे अँडिस, ऑस्टर, वॉल यांची त्या पद्धतीची ब्लेडं एकमेकांच्या मशीनवर बसतात. ब्लेडचा नंबर वाढला की केस आखूड होतात, हे उलटं लक्षात ठेवायचं. १० नंबर साधारण दीड मिलिमीटर ठेवतो, ७एफ सव्वातीन, ४एफ साडेनऊ. एफ म्हणजे बारीक दातांचं ब्लेड. ७, ५, ४ अशी एफ नसलेली, मोठ्या फटींची ब्लेडं घरी नकोतच, फटीत कातडी सापडते (१० नंबरचे दात बारीकच असतात, ते चालतं). लांब केस ठेवायचे तर ब्लेडवर बसवायचे प्लास्टिक-स्टीलचे गार्ड मिळतात, पण ते विंचरलेल्या केसांतच फिरतात, म्हणजे आलो परत कंगव्यावर.

जट सुटतच नसेल तर कात्री घालू नका प्लीज. कातडी जटेत ओढली गेलेली असते आणि ती दिसत नाही. १० नंबर ब्लेड जटेखालून हळू न्यायचं, टक्कल पडलं तर पडू दे, केस परत येतात. मध्ये मध्ये ब्लेड मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं, चटका वाटला की थांबायचं. डोळ्यांजवळ गोल टोकाची छोटी कात्री. कानातले केस उपटायचे की नाही यावर ग्रूमर आणि डॉक्टर यांचं पटत नाही, चकलीचे कान स्वच्छ आहेत म्हणून मी हातच लावत नाही, वास किंवा खाज असेल तर सरळ डॉक्टर.

आणि ब्लेडला दर वेळी तेल, न धुतलेल्या केसांवर ब्लेड फिरवू नका, धुळीने धार लवकर जाते. गेलीच तर गल्लीत सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्याकडे देऊ नका, क्लिपरच्या ब्लेडचं मशीन वेगळं असतं, ते काम करणाऱ्याकडेच पाठवा.